माणशी, दरमहा

अमेरिकेत पासष्टी गाठली की सरकारकडून मेडिकेअर या आरोग्य विम्याचं लाल-पांढरं-निळं कार्ड टपालानं घरी येतं. निम्म्याहून जास्त लोक ते कपाटात ठेवून देतात. डॉक्टरकडे दाखवायचं कार्ड त्यांच्याकडे वेगळं असतं आणि त्यावर एखाद्या खासगी विमा कंपनीचं नाव असतं. २०२५ साली मेडिकेअर ॲडव्हांटेज या खासगी प्लॅनांमध्ये सुमारे ३ कोटी ४४ लाख माणसं होती, म्हणजे पात्र लोकांपैकी ५४ टक्के. या माणसांची डॉक्टर-हॉस्पिटलची बिलं सरकार भरत नाही. सरकार कंपनीला दर माणशी दरमहा एक रक्कम देतं आणि पुढचं कंपनी बघते.

मी न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या ज्येष्ठांना मेडिकेअरबद्दल सल्ला देते. त्याचा पगार नाही, कमिशनही नाही. राज्याच्या ‘शिप’ नावाच्या कार्यक्रमाची मी स्वयंसेवक आहे. त्याआधी नोकरीची सगळी वर्षं डॉक्टरांच्या ऑफिसात बिलिंग करण्यात गेली. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. या खासगी प्लॅनांचा सगळा इतिहास म्हणजे त्या माणशी रकमेचा इतिहास आहे. टीव्हीवरच्या जाहिराती, फुकट चष्मे, नाकारलेल्या परवानग्या, गाव सोडून गेलेल्या कंपन्या, यातलं काहीही घ्या, त्याच्या मुळाशी तो आकडा कोणी आणि कसा ठरवला हेच सापडतं.

आगाऊ माणशी पैसे घेऊन वैद्यकी करण्याची पद्धत जुनी आहे. तिचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातलं. १९३३ साली सिडनी गारफिल्ड नावाच्या तरुण सर्जननं डेझर्ट सेंटर या वस्तीजवळ बारा खाटांचं हॉस्पिटल बांधलं. कोलोरॅडो नदीचं पाणी लॉस एंजेलिसकडे नेणारा कालवा तिथे खोदला जात होता आणि हजारो मजूर कामावर होते. विमा कंपन्या गारफिल्डची बिलं महिनोन् महिने अडकवून ठेवायच्या आणि गंभीर रोगी परस्पर शहरात हलवायच्या. हॉस्पिटल बंद पडायची वेळ आली. तेव्हा हॅरॉल्ड हॅच या विमेवाल्यानं तोड काढली. कामावरच्या दुखापतींसाठी विमा कंपनीनं दर मजुरामागे दिवसाला पाच सेंट आगाऊच द्यायचे. इतर आजारांसाठी ज्या मजुराची इच्छा असेल त्यानं आणखी पाच सेंट पदरचे द्यायचे.

पैसे आधीच हातात आल्यावर गारफिल्डचं लक्ष बदललं. मजूर जखमी झाला तरी आता त्याला जादा पैसे मिळणार नव्हते, म्हणून मजूर जखमी होऊच नये याच्या मागे तो लागला. फळ्यांतून वर आलेले खिळे ठोकून घ्या, उन्हाच्या तडाख्यानं माणसं पडणार नाहीत असं बघा, असं तो कामाच्या जागी जाऊन सांगू लागला. पुढे हेन्री कायझर या उद्योगपतीनं त्याला १९३८ साली ग्रँड कुली धरणावर बोलावलं आणि महायुद्धात रिचमंडच्या गोद्यांमध्ये. १९४५ साली त्यांची योजना सर्वसामान्यांना खुली झाली. तीच आजची कायझर परमनंटे. १९४७ साली सिएटलमध्ये लोकांनी सहकारी तत्त्वावर अशीच संस्था काढली.

हा भाग मी लोकांना आवर्जून सांगते, कारण आज माणशी रकमेची पद्धतच मुळात वाईट आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. गारफिल्डकडे ती उत्तम चालली. दुखापतीचे पाच सेंट सगळ्या मजुरांमागे सारखेच होते आणि कामावरचा प्रत्येक जण त्यात होता. धडधाकट तेवढे वेचून घेण्याची सोय नव्हती. शिवाय पैसे घेणारा आणि टाके घालणारा माणूस एकच होता.

म्हाताऱ्या माणसांना मात्र त्या काळात कोणी दारात उभं करत नव्हतं. नोकरी सुटली की मालकाचा विमा सुटायचा आणि नवीन विमा देणारे वय ऐकूनच नकार द्यायचे. हॅरी ट्रूमन यांनी १९४५ साली सगळ्या देशासाठी सरकारी आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला होता, तो डॉक्टरांच्या संघटनेनं हाणून पाडला. वीस वर्षांनी निदान पासष्टीच्या पुढच्यांसाठी तरी कायदा झाला. ३० जुलै १९६५ ला लिंडन जॉन्सन सहीसाठी मुद्दाम ट्रूमन यांच्या गावी, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि पहिलं कार्ड ट्रूमन यांना मिळालं. १ जुलै १९६६ ला योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख माणसं तिच्यात आली. डॉक्टरांच्या खर्चासाठीच्या भागाचा हप्ता महिना तीन डॉलर होता.

आमचं भारतीयांचं इथलं येणंही १९६५ सालाशीच बांधलेलं आहे. ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आशियातून येणाऱ्यांवरची जुनी बंधनं उठली. इकडे मेडिकेअरमुळे हॉस्पिटलांत रोगी वाढले आणि शिकाऊ डॉक्टरांच्या खर्चाचा वाटा मेडिकेअर उचलू लागली. मुंबईच्या जी. एस. आणि ग्रँट मेडिकलमधून, पुण्याच्या बी. जे.मधून पास झालेले कितीतरी डॉक्टर त्या वर्षांत इकडे आले. मी ज्यांच्याकडे बिलिंग शिकले ते डॉक्टर याच लाटेतले, मिरजेला शिकलेले. त्यांच्या रोग्यांपैकी बहुतेक जण इटालियन आणि पोलिश आजी-आजोबा होते.

सरकारी योजना म्हटली तरी बिलं तपासायचं काम पहिल्या दिवसापासून ब्लू क्रॉससारख्या बाहेरच्या विमा संस्थांकडे होतं. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलांची नाराजी नको म्हणून केलेली ती तडजोड होती. कायझरसारख्यांची अडचण निराळीच होती. मेडिकेअर पैसे द्यायची ते प्रत्येक तपासणीचे, प्रत्येक टाक्याचे. यांच्याकडे तर तसं बिलच निघत नव्हतं. १९७० साली मिनेसोटाचे डॉक्टर पॉल एलवूड यांनी अशा संस्थांना ‘हेल्थ मेंटेनन्स ऑर्गनायझेशन’ (एचएमओ) हे नाव दिलं आणि निक्सन सरकारनं ती कल्पना उचलली. १९७२ साली मेडिकेअरचं दार या संस्थांना किलकिलं झालं आणि १९७३ च्या अखेरीस त्यांना उत्तेजन देणारा स्वतंत्र कायदा आला. पण खरा व्यवहार सुरू झाला तो रेगन यांच्या १९८२ च्या कायद्यानं. त्याचे नियम १९८५ साली लागू झाले.

ते सूत्र असं होतं. एखाद्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नेहमीच्या मेडिकेअरवर माणशी सरासरी किती खर्च होतो ते काढायचं आणि त्याचे ९५ टक्के कंपनीला द्यायचे. पाच टक्के सरकारचे वाचले. वय, स्त्री की पुरुष, गरिबांच्या सरकारी मदतीवर आहे का, नर्सिंग होममध्ये आहे का, एवढं बघून रक्कम थोडी कमीजास्त व्हायची. माणूस आजारी आहे की ठणठणीत, हे सूत्रात कुठेच नव्हतं.

पंचाहत्तर वर्षांचा, रोज दोन मैल चालणारा माणूस आणि त्याच वयाचा, हृदय थकलेला, पायांना सूज येणारा माणूस, दोघांसाठी कंपनीला सारखीच रक्कम. मग कंपनीला कोण हवासा वाटणार? आजाऱ्याला उघड नकार देता येत नव्हता, पण त्याची गरजही पडली नाही. ज्याचा हृदयाचा डॉक्टर ठरलेला आहे तो माणूस डॉक्टर सोडून नव्या प्लॅनमध्ये आपणहून जातच नाही. जातात ते धडधाकट. १९९३ साली मॅथमॅटिका या संस्थेच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला. ही माणसं नेहमीच्या मेडिकेअरमध्ये राहिली असती तर झाला असता त्यापेक्षा ५.७ टक्के जास्त खर्च सरकारला आला होता. पाच टक्के वाचवायला निघालेलं सूत्र उलटं गेलं होतं.

देखरेखीची घडीही बसलेली नव्हती. ज्या संस्थेत मेडिकेअरवाले आणि गरिबांच्या योजनेतले मिळून निम्म्यापेक्षा जास्त असतील तिच्याशी करार करायचा नाही, असा एक शहाणपणाचा नियम होता. इतर निम्मे सभासद स्वतः किंवा मालकामार्फत पैसे मोजणारे असले की सेवेचा दर्जा राहील, हा त्यामागचा विचार. फ्लोरिडातल्या इंटरनॅशनल मेडिकल सेंटर्स या संस्थेला सरकारनं या नियमातून सूट दिली आणि ती देशातली सर्वांत मोठी मेडिकेअर एचएमओ झाली. तिचा मालक मिगेल रेकारे याच्यावर आरोपपत्रं दाखल झाली आणि १९८७ साली तो देश सोडून पळाला. हजारो म्हाताऱ्यांची व्यवस्था दुसऱ्या कंपनीला करावी लागली. एवढं होऊनही दहा वर्षांनी, १९९७ च्या कायद्यात, तो निम्म्याचा नियम काढून टाकण्याचंच ठरलं.

आता लोक खासगी प्लॅनकडे का जात होते, तेही सांगायला हवं. नेहमीच्या मेडिकेअरला मोठी भोकं आहेत. डॉक्टरच्या खर्चाचे वीस टक्के रोग्यानं भरायचे आणि त्याला वर्षाची कमाल मर्यादा नाही. कॅन्सरची औषधं सलाईनमधून चालू झाली की वीस टक्के म्हणजे काय, ते मी बिलांवर पाहिलंय. दात, चष्मा, कानाचं यंत्र यांपैकी काही नाही. २००६ पर्यंत गोळ्या-औषधंही नव्हती. १९८८ साली काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ही मर्यादा आणि औषधं दोन्ही देणारा कायदा केला होता. खर्च मात्र ज्येष्ठांनीच उचलायचा होता, सुस्थितीतल्यांनी जास्त. ज्येष्ठ चिडले. १९८९ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत डॅन रोस्टेन्कोव्स्की या वजनदार खासदाराची गाडी म्हाताऱ्या मंडळींनी अडवली. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिलं, ऑफिसातले सगळेच काम थांबवून बघत होते. त्याच वर्षी काँग्रेसनं कायदा रद्द केला.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महागात पडलेला निर्णय तो. खर्चाला मर्यादा आणि औषधं या दोन गोष्टी सरकारी योजनेत आल्या असत्या तर खासगी प्लॅनांकडे विकायला फारसं काही उरलं नसतं. आज मेडिकेअर ॲडव्हांटेजमध्ये वर्षाची मर्यादा आहे (२०२५ साली नेटवर्कमधल्या, म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांतल्या, उपचारांसाठी जास्तीत जास्त ९,३५० डॉलर), नेहमीच्या मेडिकेअरमध्ये अजूनही नाही. जी मर्यादा लोकांनी १९८९ साली परत केली, तीच त्यांची मुलं आता कंपनीकडून घेतात.

भोकं बुजवायचा दुसरा मार्ग म्हणजे मेडिगॅप. सरकारी मेडिकेअर तशीच ठेवायची आणि उरलेले वीस टक्के भरणारा वेगळा खासगी विमा घ्यायचा. सुरुवातीला या धंद्यात फार लुबाडणूक झाली. एजंट घरोघर जाऊन एकाच बाईला एकाच कामाचे दोन-दोन, तीन-तीन विमे विकत. क्लॉड पेपर या खासदारांच्या समितीनं १९७८ साली ती प्रकरणं उजेडात आणली. १९९० च्या कायद्यानं शेवटी शिस्त आली. मेडिगॅपचे दहाच ठरावीक प्रकार राहतील, त्यांना अक्षरं असतील आणि एका अक्षराचा विमा कोणत्याही कंपनीकडून घेतला तरी आतला माल तोच असेल. सल्ल्यासाठी आमचा ‘शिप’ कार्यक्रमही त्याच कायद्यातून निघाला. विम्याचा बाजार नीट चालवायचा तर काय करावं लागतं, याचं माझ्या माहितीतलं ते सर्वांत चांगलं उदाहरण आहे.

नव्वदीच्या दशकात माणशी रकमेच्या नकाशानं टोक गाठलं. १९९७ साली नेब्रास्कातल्या आर्थर काउंटीत कंपनीला माणशी दरमहा २२१ डॉलर मिळत होते, तर न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर ७६७. स्टेटन आयलंड आमच्या पर्थ अंबॉयपासून एक पूल ओलांडला की लागतं. जिथे रक्कम मोठी, तिथे कंपन्यांची झुंबड आणि शून्य हप्त्यात औषधं, चष्मे. नेब्रास्काच्या शेतकऱ्याच्या वाट्याला एकही प्लॅन नाही. १९९७ च्या कायद्यानं गरीब काउंट्यांना ३६७ डॉलरचा तळ बांधून दिला आणि महागड्या काउंट्यांची वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर आणून ठेवली.

आकडा आवळला गेला आणि कंपन्या निघून गेल्या. १९९९ ते २००३ या काळात सुमारे २४ लाख लोकांचे प्लॅन बंद झाले, एकट्या २००१ साली नऊ लाखांहून जास्त. खासगी प्लॅनमधली माणसं ६९ लाखांवरून ५३ लाखांवर आली. आमच्या ऑफिसात शरद ऋतूत ती पत्रं घेऊन रोगी येऊ लागले. पत्र गुळगुळीत कागदावरचं, मोठ्या अक्षरांतलं, खाली कोणा उपाध्यक्षाची छापील सही. १ जानेवारीपासून आम्ही आपल्या काउंटीत सेवा देणार नाही, एवढाच मजकूर. एक पोलिश आजी ते पत्र काउंटरवर पसरून मला विचारायच्या, ‘म्हणजे माझं मेडिकेअर गेलं?’ गेलं नव्हतं, सरकारी कार्ड शाबूत होतं. पण मधुमेहाच्या गोळ्या त्या प्लॅनमधून यायच्या, त्या मात्र गेल्या. डॉक्टरांनी कपाटातले सँपलचे डबे त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. कंपनीचं वागणं व्यवहाराला धरून होतं, हे मी समजू शकते. सरकारी संरक्षण आणि व्यवहार यांत फरक असतो तो हाच.

२००३ साली काँग्रेसनं दोर पुन्हा सैल सोडला. २२ नोव्हेंबरच्या पहाटे प्रतिनिधीगृहातलं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवून मतं वळवली गेली आणि २२० विरुद्ध २१५ नं कायदा पार पडला. औषधांचा विमा आला, तोही खासगी कंपन्यांमार्फतच. प्लॅनांना मेडिकेअर ॲडव्हांटेज हे नाव मिळालं. २००६ पासून कंपन्या बोली लावू लागल्या. काउंटीच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा बोली कमी असेल तर फरकाचा मोठा हिस्सा सभासदांना जादा सोयींच्या रूपानं द्यायचा. दात, चष्मा, जिमची वर्गणी, दुकानात चालणारं कार्ड हे सगळं तिथून येतं. फुकट वाटतं ते सरकारच्याच पैशाचं असतं. २००९ पर्यंत या प्लॅनांवर सरकार नेहमीच्या मेडिकेअरपेक्षा १४ टक्के जास्त खर्च करत होतं. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानं काही कात्री लावली आणि मिळालेल्या पैशातले ८५ टक्के उपचार आणि त्यांच्या दर्जावरच खर्च झाले पाहिजेत, असं बंधन घातलं.

दरम्यान सूत्राला आजार कळू लागला होता. २००० पासून थोडंथोडं, २००४ पासून जास्त आणि २००७ पासून पुरतेपणी, माणसाच्या निदानांवरून रक्कम ठरू लागली. १९८५ ची चूक सुधारण्यासाठी ते योग्यच होतं. पण आता कागदावर माणूस जितका आजारी, तितके पैसे जास्त, असं झालं आणि कंपन्या निदानं गोळा करू लागल्या.

पिस्कॅटवेच्या एका काकांकडे प्लॅननं पाठवलेली नर्स घरी आली. ती गोड बोलली, तासभर बसली. पायाच्या बोटाला चिमटा लावून यंत्रावर काहीतरी पाहिलं, औषधांच्या बाटल्या ओळीनं मांडून फोटो काढले, काकांना पन्नास डॉलरचं भेटकार्ड दिलं. काही आठवड्यांनी आलेल्या कागदावर पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार आणि मधुमेहाची गुंतागुंत अशी दोन नवी निदानं होती. काकांच्या डॉक्टरांना कोणी कळवलं नाही. नवं औषध नाही, तपासणी नाही, कोणाचा फोन नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. फक्त अशा घरभेटींत किंवा कागद चाळताना नोंदवलेली आणि त्यावर दुसरा कोणताही उपचार न दिसणारी निदानं, त्यांपोटी २०२३ साली कंपन्यांना सुमारे साडेसात अब्ज डॉलर जादा गेले. मेडिकेअरवर काँग्रेसला सल्ला देणाऱ्या आयोगाच्या अंदाजानं २०२५ साली या प्लॅनांवरचा खर्च नेहमीच्या मेडिकेअरपेक्षा २० टक्के, म्हणजे ८४ अब्ज डॉलर जास्त होता. कंपन्यांना हा हिशेब मान्य नाही.

रक्कम हातात आल्यावर ती वाचवायचा रस्ता म्हणजे पूर्वपरवानगी. नेहमीच्या मेडिकेअरमध्ये ती क्वचितच लागते, इथे एमआरआयपासून पुनर्वसन केंद्रातल्या मुक्कामापर्यंत सगळ्याला लागते. महानिरीक्षकांच्या २०२२ सालच्या अहवालात तपासलेल्या नकारांपैकी १३ टक्के मागण्या मेडिकेअरच्या नियमांत बसणाऱ्या होत्या. त्या वर्षी साधारण ३४ लाख मागण्या पूर्ण किंवा अंशतः नाकारल्या गेल्या. त्यांतल्या दहांपैकी जेमतेम एकावर अपील झालं, आणि झालेल्या अपिलांपैकी ८३ टक्के मागण्या पूर्ण किंवा अंशतः मंजूर झाल्या. हा शेवटचा आकडा वाचून मला अजूनही संताप येतो. अपील न केलेल्या नव्वद टक्क्यांचं काय झालं असेल?

अपील का होत नाही, ते मला माहीत आहे. ऐंशीच्या घरातल्या एका काकूंचे यजमान अर्धांगवायूनंतर पुनर्वसन केंद्रात होते. कठड्याला धरून नुकते चार पावलं टाकू लागले होते. केंद्रातल्या मुलीनं काकूंच्या हातात एक कागद दिला. त्यावर परवापासून प्लॅन पैसे देणार नाही, असं लिहिलेलं. ‘अगं, तिनं सही करा म्हटलं, मी केली. आता काय करायचं?’ असा त्यांचा फोन आला. सही केली म्हणजे कागद मिळाला एवढंच, संमती नव्हे, हे आधी त्यांना समजावलं. सेवा संपायच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत त्या कागदावरच्या नंबरवर फोन केला की बाहेरची संस्था प्रकरण तपासते. आम्ही दोघींनी फोन केला, काकूंनी स्वतः सांगितलं की हे अजून एकट्यानं बाथरूमला जाऊ शकत नाहीत. निकाल आमच्या बाजूनं लागला. पुढच्याच आठवड्यात तसाच दुसरा कागद आला. तोही फोन आम्ही केला. तिसऱ्या वेळी काकू थकल्या होत्या आणि यजमानांना घरी घेऊन आल्या. गारफिल्डच्या हॉस्पिटलात पैसे ज्याच्याकडे होते त्याला रोगी समोर दिसत होता. इथे निर्णय घेणाऱ्यानं काकूंच्या यजमानांना पाहिलेलं नव्हतं.

तरी या प्लॅनांत जाऊ नका असं मी सरसकट कोणाला सांगत नाही. तुटपुंज्या पेन्शनीवर जगणाऱ्याला मेडिगॅपचा दरमहाचा हप्ता झेपत नाही. त्याला ॲडव्हांटेजमुळे खर्चाची मर्यादा मिळते, दातही मिळतात. आमच्या मराठी मंडळींचे प्रश्न आणखी वेगळे. मुलाकडे ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना इथे सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येते. मुलानं भरलेला कर त्यांच्या खात्यात धरला जात नाही, त्यामुळे २०२५ साली हॉस्पिटलच्या भागाचे ५१८ आणि डॉक्टरच्या भागाचे १८५ असे माणशी ७०३ डॉलर दरमहा. त्यावर मेडिगॅपचं ओझं नको म्हणून बहुतेक मुलं ॲडव्हांटेजकडे वळतात. मग आई-वडील हिवाळ्यात पुण्याला जातात आणि लग्नसराई, मुंज, भाचीचं बाळंतपण करता करता मुक्काम लांबतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त प्लॅनच्या क्षेत्राबाहेर राहिलं तर साधारणपणे नाव कमी होतं. भारतातल्या हॉस्पिटलचं बिल सरकारी मेडिकेअर देत नाहीच. मेडिगॅपचे काही प्रकार मात्र प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांत तातडीचा उपचार लागला तर पहिले २५० डॉलर सोडून ८० टक्के देतात, आयुष्यभरात मिळून ५०,००० पर्यंत. पुण्याची तिकिटं काढण्याआधी हे विचारणारी माणसं फार कमी.

सगळ्यांत जड जातं ते परत फिरण्याबद्दल सांगणं. पासष्टीनंतर डॉक्टरचा भाग सुरू झाला की सहा महिने मेडिगॅप कंपनीला तब्येत विचारता येत नाही, मागेल त्याला विमा द्यावाच लागतो. पासष्टीला ॲडव्हांटेज घेतलेल्याला पहिल्या वर्षात पाऊल मागे घेता येतं. त्यानंतर दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात नेहमीच्या मेडिकेअरमध्ये परतता येतं खरं, पण मेडिगॅप कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारते आणि नकार देऊ शकते. एजंट फुकट दातांबद्दल सांगतो, हे सांगत नाही. पासष्टीला तरतरीत असताना निवडलेला प्लॅन अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कॅन्सर झाल्यावर, मोठ्या केंद्रातला डॉक्टर नेटवर्कमध्ये नाही असं कळल्यावर सोडावासा वाटतो, आणि तेव्हा मेडिगॅपचं दार बंद असतं. कंपन्यांना जायची मुभा १९९९ साली होती आणि आजही आहे. माणसाला ती नाही.

न्यू यॉर्क, कनेटिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये पासष्टीनंतर कधीही आणि मेनमध्ये वर्षातून एक महिना, आजार न विचारता मेडिगॅप मिळतो. स्टेटन आयलंडच्या आजोबांना जो हक्क आहे, तो पुलाच्या अलीकडच्या पर्थ अंबॉयच्या आजोबांना नाही. आमच्या राज्याच्या, ट्रेंटनमधल्या विधिमंडळानं हाच नियम करावा, असं मी आमच्या प्रतिनिधींना दर शरदात लिहिते. उत्तर येतं की तसं केल्यानं मेडिगॅपचे हप्ते सगळ्यांनाच वाढतील. न्यू यॉर्कचे हप्ते जास्त आहेत, हे खरंच आहे. मी स्वतः मेडिगॅपवर आहे, माझाही वाढेल. तो भरायला मी तयार आहे, असं मी त्या पत्रात लिहिलेलं असतं.